टोपलीतलं वचन

मी झोपाळू बाई आहे, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पहाटेच्या प्रार्थनेला आमच्या गालमे बेटावरची मंडळी डोळे मिटून देवाशी बोलतात आणि मी डोळे मिटले की पेंगते. खाली थंडीसाठी आतून तापवलेली जमीन, बाहेर ओहोटीची गाज, शेजारी चौदा बायका एकदम मोठ्याने आपापली गाऱ्हाणी मांडताहेत. अशा वेळी ज्याला झोप येत नाही त्याच्याच मनात काहीतरी पाप असणार. आमच्या चर्चमधले सगळ्यात जुने, क्वाककाका, म्हणतात, "देवाला कुणाच्या स्वप्नात येऊन बोलायचं असेल, तर पहिला नंबर तॉक्सिमचा. ती केव्हाही सापडेल."

तरी एक काम एकोणीस वर्षं माझ्याकडेच आहे, कारण माझं अक्षर बरं आहे. नव्या वर्षाच्या पहिल्या रविवारी आमच्याकडे प्रत्येक जण टोपलीत हात घालून एक वचन काढतो. शास्त्रातली वचनं मी तुतीच्या सालीच्या कागदावर ब्रशने लिहिते, बोटाएवढी गुंडाळी करते, वर लाल दोरा बांधते. ज्याच्या हाताला जे लागेल ते त्या वर्षापुरतं देवाचं त्याच्याशी बोलणं. मोठ्याने वाचायचं, सगळ्यांनी आमेन म्हणायचं, घरी नेऊन भिंतीला चिकटवायचं. हात एकदाच घालायचा. आवडलं नाही म्हणून दुसरं काढायचं नाही.

एका वर्षी सदुसष्ट वर्षांच्या क्वाककाकांच्या हाताला वांझ बाईला पुष्कळ लेकरं देऊ करणारं वचन लागलं. त्यांनी गयावया केली, बायका हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडल्या, पण दुसरं काही मिळालं नाही. त्या उन्हाळ्यात त्यांच्या म्हाताऱ्या कुत्रीला नऊ पिल्लं झाली. तेव्हापासून टोपलीवर शंका घेणारा बेटावर एकच माणूस उरला, तो म्हणजे आमचे तरुण पाळक, नोसाहेब.

ते दरवर्षी समजावून सांगतात. "देव पूर्वी स्वप्नांतून बोलला, संदेष्ट्यांच्या तोंडून बोलला, आणि शेवटी आपल्या पुत्रातून बोलला. जे सांगायचं ते सांगून झालंय. ही टोपली म्हणजे सोडत आहे, सोडत! मांत्रिकीण तांदूळ फेकून भविष्य सांगते, त्यात आणि यात फरक काय?" आम्ही म्हणतो, "अगदी बरोबर बोललात, पाळकसाहेब," आणि टोपलीपुढे रांग लावतो. सगळ्यांच्या शेवटी तेही हळूच हात घालतात.

खरं तर शंका मी घ्यायला हवी होती. टोपलीत काय आहे ते मला माहीत. शास्त्रात मध आहे तशी काठीही आहे. मी काठी कधी लिहिलीच नाही. बेटावर उरलेली एकतीस माणसं, त्यातली निम्मी काठी टेकत चालणारी. त्यांना आणखी मारायचं कशाला?

आणि एका वर्षी मी याहून पुढे गेले.

ओक्पुनआक्का माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठी. चिखलात हात घालून भोकातून ऑक्टोपस ओढून काढण्यात तिचा हात धरणारं आजही कोणी नाही. तिचा एकुलता एक तेशिक नऊ वर्षांपूर्वी नोव्हेंबरात बोटीवर गेला आणि लाटेने त्याला फळीवरून उचललं. बोट परत आली, तो आला नाही. शरीरसुद्धा मिळालं नाही. आक्काने अन्न टाकलं. डिसेंबरभर ती पातळ पेजेवर होती आणि जानेवारीत तिला चर्चला आणलं तेव्हा दोन बायकांनी धरून आणलं होतं.

टोपली माझ्या हातात होती. परागंदा झालेली लेकरं आपल्या मुलखात परत येतील, अशा अर्थाचं एक वचन आहे. ते मी आदल्या दिवशी लिहिलं होतं आणि दोऱ्याला एकीऐवजी दोन गाठी मारल्या होत्या. आक्काचा हात टोपलीत आला तेव्हा मी अंगठ्याने ती गुंडाळी तिच्या बोटांत सारली. एवढंच. आक्काला वाचता येत नाही, म्हणून दरवर्षीप्रमाणे मीच वाचून दाखवलं. तिने मला दोनदा वाचायला लावलं. मग चर्चच्या स्वयंपाकघरात जाऊन नव्या वर्षाचं तांदळाच्या वड्यांचं सूप तिने वाटीभर खाल्लं, आणि वर आणखी वाटीभर मागून घेतलं. माझा जीव भांड्यात पडला. मला वाटलं, देवाने मला रागावलं तरी चालेल.

देव रागावला नाही. त्याने नुसती वर्षं जाऊ दिली.

बाहेर गेलेल्या माणसासाठी आमच्याकडे भाताचा वाडगा झाकून, रजईत गुंडाळून, जमिनीच्या सगळ्यात ऊबदार कोपऱ्यात ठेवतात. तो आला की त्याला गरम घास मिळावा. तेशिकचा वाडगा नऊ वर्षं रोज संध्याकाळी रजईत गेला. तो ठेवायची त्याची बायको, यॉनसिल. नवरा गेला तेव्हा ती बत्तीस वर्षांची होती. मूलबाळ नव्हतं. दर नोव्हेंबरला नोसाहेब विचारत, "आजी, तेशिकची स्मरणाची उपासना घ्यायची का?" आक्का म्हणे, "जिवंत माणसाची कसली स्मरणाची उपासना? देवाने सांगितलंय, तो येणार आहे. भिंतीवर लिहिलंय, तुम्हाला वाचता येतं ना?"

गेल्या डिसेंबरात कालवं सोलायच्या शेडमध्ये यॉनसिल माझ्या शेजारी बसली होती. बाहेर बर्फ पडत होता. आमच्याकडे बर्फ चिखलावर पडतो आणि भरती येऊन तो मुकाट घेऊन जाते. पाहत राहिलं तर आपण जागे आहोत की नाही ते कळेनासं होतं. मी तशीच गुंगीत होते. सुरी चालवता चालवता ती म्हणाली, "काकू, बेसाहेबांनी विचारलंय."

बे म्हणजे मोक्पोहून दर गुरुवारी मासळीचा ट्रक घेऊन येणारा विधुर. ओहोटीला दगडी वाट उघडी पडली की येतो, भरतीच्या आत जातो. ट्रकमध्ये यॉनसिलसाठी गरम पाण्याची बाटली ठेवतो, तिचे हात गारठतात म्हणून. सगळ्या बेटाला माहीत होतं. फक्त आक्कासमोर कोणी बोलत नव्हतं.

"मग?" मी विचारलं.

"त्यांना उल्सानला काम मिळालंय. फेब्रुवारीत जाणार. म्हणाले, येत असलीस तर दोघं जाऊ. नाहीतर यापुढे गुरुवारी दुसरा कोणी ट्रक आणेल."

"तुला जायचंय?"

तिने हातातलं कालव सोलून बाजूला टाकलं. मग म्हणाली, "आईंना मी समजावलं असतं, काकू. माणसाच्या शब्दाच्या आड जाता येतं. देवाच्या शब्दाच्या आड कशी जाऊ? तो येणार म्हणून सांगितलंय. मी दुसऱ्याच्या घरात असेन आणि तो दारात उभा राहिला तर?"

तिचे डोळे कोरडे होते. माझ्या हातातलं कालव खाली पडलं. देवाचा शब्द म्हणे! तो माझा अंगठा होता. एका म्हातारीने जेवावं म्हणून मी एक दोरा सोडला होता आणि तो या पोरीच्या पायात नऊ वर्षं गुंडाळला गेला होता. तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं. पण मी भित्री. मी ठरवलं, ज्या हाताने गाठ मारली त्याच हाताने सोडवायची. अंगठ्याने केलेलं अंगठ्यानेच निस्तरायचं.

तसं वचन शास्त्रात आहे. एका राजाचं लेकरू मरतं तेव्हा तो उठतो, तोंड धुतो, जेवायला बसतो आणि म्हणतो, आता मीच त्याच्याकडे जाईन, तो काही माझ्याकडे परत यायचा नाही. एकोणीस वर्षांत टोपलीत पडणारी ही पहिली काठी.

टोपलीच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, मी जेवून लिहायला बसले. बर्फ थांबायचं नाव घेत नव्हता. खिडकीत उजेड दुधासारखा, जमीन खालून कढत. तीस गुंडाळ्या झाल्या. एकतिसावा कागद पुढ्यात घेतला, ब्रश शाईत बुडवला आणि मला वाटलं, जरा हात शेकून घ्यावेत.

मग मी लिहिलं. मला स्पष्ट आठवतं. ओहोटी होती आणि मी दगडी वाटेवर बसून लिहीत होते. तेशिक चिखलावरून चालत आला. तो लहानपणी यायचा तसाच, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, पण त्याच्या मागे पावलं उमटत नव्हती. मी म्हटलं, "तेशिक, तुझ्या आईला काय सांगू?" तो माझ्या शेजारी टेकला. त्याच्या अंगाला मिठाचा वास होता. त्याने बोलायला तोंड उघडलं आणि आवाज आला नाही. नुसता बर्फ पडत राहिला. मी म्हटलं, "असं कसं, काहीतरी सांग ना रे." त्याने माझ्या हातातला कागद घेतला, पाहिला, हसला आणि परत दिला. कागदावर सगळी अक्षरं नीट होती, राजाचं वचन संपूर्ण, एकही चूक नाही. मला फार बरं वाटलं.

जाग आली तेव्हा संध्याकाळची घंटा होत होती. गालावर चटईच्या रेघा उमटल्या होत्या. धांदलीत मी शेवटच्या कागदाची गुंडाळी केली, दोन गाठी मारल्या आणि टोपलीवर फडकं टाकून चर्चकडे पळाले. लिहिलेलं तपासायला हवं होतं. पण आपण लिहिलंय हे ज्याला पक्कं आठवतं, तो कशाला तपासेल?

रविवारी चर्च भरलं होतं. दारात एकतीस जोडे, त्यांच्यावर वितळता बर्फ. नोसाहेबांनी सोडतीचं प्रवचन दिलं, आम्ही माना डोलावल्या. मग टोपली फिरली. क्वाककाकांना गरुडासारखं बळ देणारं वचन मिळालं, ते म्हणाले, "आधी जिना चढता येऊ दे, उडायचं मग बघू." माणसं हसत होती आणि मी दोन गाठींची गुंडाळी बोटाने चाचपत होते. यॉनसिल आक्काच्या मागे बसली होती. तिला मेंढपाळाचं वचन मिळालं होतं आणि ते तिने इतक्या हळू वाचलं की आमेन उशिरा आलं.

आक्काचा हात टोपलीत आला. सुरकुतलेला, बोटांची टोकं मिठाने फाटलेली. मी दोन गाठींची गुंडाळी तिच्या बोटांत सारली. तिने ती काढली, दोऱ्यासकट माझ्या हातात दिली आणि माझ्याकडे तोंड वर करून बसली. "वाच गं, तॉक्सिम. जरा मोठ्याने वाच, कान गेलेत."

मी गाठी सोडल्या. कागद उघडला.

कागद कोरा होता.

मी उलटून पाहिला. पाठही कोरी. कडेला ब्रश टेकल्याचा एक ठिपका, बाजरीच्या दाण्याएवढा, बस. क्षणभर मला वाटलं मी अजून दगडी वाटेवरच आहे. मग मला कळलं की आपण जागे आहोत आणि सगळं चर्च आपल्याकडे बघतंय.

राजाचं वचन माझ्या जिभेवर होतं. मी ते म्हणून मोकळी झाले असते, तर कोणाला कळलं असतं? आक्काला वाचता येत नाही. वचन शास्त्रातलंच होतं, खोटं काहीच नव्हतं. यॉनसिल सुटली असती. आणि मला हवं असतं तर दुसरं काहीही म्हणता आलं असतं. त्या घटकेला आक्काचा देव माझ्या तोंडात बसला होता.

"वाच ना," आक्का म्हणाली. "एवढं मोठं आहे का?"

"आक्का, यात काही लिहिलेलं नाही."

"म्हणजे? शाई पुसली?"

"नाही. मी लिहिलंच नाही. लिहिता लिहिता मला झोप लागली."

चर्च खदखदून हसलं. क्वाककाकांनी मांडी थोपटली. "तरी मी म्हणतोय! ओक्पुनबाई, घाला पुन्हा हात. एकदा माफ."

"एकदाच हात घालायचा," आक्का म्हणाली. "तुम्हाला दिला होता का दुसरा?"

तेवढ्यावर भागलं असतं. पण माझं तोंड आता बंद होईना. "आक्का, आजची गुंडाळी मी मुद्दाम तुझ्या हातात दिली. आणि नऊ वर्षांपूर्वीचीही. तेशिक परत येईल असं जे वचन तुला मिळालं, ते देवाने नाही दिलं. मी अंगठ्याने सारलं. तू जेवत नव्हतीस म्हणून." मी रडत होते. यॉनसिलकडे बघायची माझी हिंमत झाली नाही. "त्या पोरीचं आयुष्य मी वाया घालवलं. मला माफ करा दोघी."

हसणं थांबलं. छपरावरून बर्फाचा एक थर घसरला, त्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

आक्का मात्र मला न्याहाळत होती. "एवढंच?" ती म्हणाली. "अगं, शास्त्रात देव गाढवाच्या तोंडून बोललाय. तुझ्या अंगठ्यातून बोलायला त्याला कसली लाज?"

कोणीतरी फिसकन हसलं. मला मात्र वाटलं, संपलं. मी सगळं ओकून टाकलं तरी ती गाठ सुटली नव्हती. मागे यॉनसिलने मान खाली घातली.

"त्याने मला जेवायला घातलं त्या दिवशी," आक्का म्हणाली. "तुझ्या हाताने घातलं. नाहीतर मी कधीच गेले असते. आण इकडे तो कागद."

तिने कोरा कागद दोन्ही हातांत धरला, खिडकीच्या उजेडात नेला, फाटलेल्या अंगठ्याने त्याच्यावरून हात फिरवला. चिखलात भोक चाचपताना ती असाच हात फिरवते.

मग ती कोणाकडेच न बघता म्हणाली, "बोटीवरचे तिघं आले होते त्या दिवशी. मी अंगणात किमचीच्या लोणच्यासाठी कोबी धूत होते. दारात उभे राहिले, टोप्या काढून. काही बोलले नाहीत. मी म्हटलं, आधी जेवून घ्या. भात वाढला, मासा वाढला, मीच कोबीच्या भावाचं बोलत राहिले. तोंडात घास असला की माणसाला बोलता येत नाही. ते जेवले आणि निघून गेले. मी त्यांना बोलूच दिलं नाही."

यॉनसिलने मान वर केली.

"तरी मला कळलंच होतं की. ते गप्प उभे होते तेव्हाच कळलं होतं." आक्काने कागदाची पुन्हा गुंडाळी केली. "नंतर देवालाही मी बोलू दिलं नाही. रोज पहाटे मीच बोलत होते, तो येणार ना, तो येणार ना. आज तोही टोपी काढून दारात उभा राहिला."

ती नोसाहेबांकडे वळली. "पाळकसाहेब, तेशिकची स्मरणाची उपासना कधी घेता?"

"तुम्ही म्हणाल तेव्हा, आजी."

"या आठवड्यात घ्या. गुरुवारी नको, गुरुवारी ट्रक येतो."

आमेन कोणी म्हटलं नाही. ते सुचलंच नाही कोणाला.

दुपारी मी आक्काला घरी सोडायला गेले. यॉनसिल पुढे चालत होती, मागे वळून बघत नव्हती. घरात शिरल्या शिरल्या आक्काने कोरा कागद भाताचे दोन दाणे चुरडून भिंतीला चिकटवला, जुन्या वचनाच्या शेजारी. जुनं काढलं नाही. मग ती ऊबदार कोपऱ्यात वाकली, रजई बाजूला केली आणि वाडगा काढला. काल संध्याकाळचा भात, झाकणाखाली अजून कोमट होता. तिने तो यॉनसिलपुढे ठेवला, वर चमचा ठेवला.

"खा."

"आई, हे तर त्यांचं..."

"त्याचंच आहे. त्याला इतक्या वर्षांत भूक लागली नाही. तू खा, थंड होईल."

यॉनसिलने चमचा उचलला. पहिला घास तोंडात घेतला आणि तिला रडू आवरेना, तरी ती चावत राहिली. आक्का तिच्यासमोर बसून तिचं खाणं बघत होती, लहान मुलाकडे बघतात तसं.

"उद्यापासून भात दोघींपुरताच लाव," ती म्हणाली. "तू जाईपर्यंत. मग माझ्यापुरता मी लावीन."